थांबवायची दोरी

पायलच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला आहे, हे भाकरी मोडणाऱ्या तिच्या हाताकडे पाहून सरूबाईंनी ओळखले, आणि त्याच जेवणात त्यांनी नातीची नोकरी सुटल्याचे जाहीर करून टाकले.

"सोमवारपास्नं त्या मोटारीच्या कंपनीत जायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "प्रदीपशी बोललेय मी. लोणावळ्याच्या पतसंस्थेत जागा हाय. टेबल हाय, पंखा हाय, खुर्ची हाय."

पायलचा घास तोंडातच थांबला. तिच्या वडिलांनी, राजेंद्रने, ताटातल्या कालवणात उत्तर बुडाले असावे अशा नजरेने खाली पाहिले. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून भल्याभल्या गाड्यांना मार्ग बदलायला लावणारा हा माणूस. पण घरात आईच्या गाडीला तो कधी आडवा गेला नव्हता.

सरूबाईंच्या या हुकमाला कारण होते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी कुरवंड्याच्या खाचरांत, लोकांच्या भाताची आवणी करण्यात घालवली होती. चिखलात वाकायचे, रोप धरायचे आणि अंगठ्याने त्याचे मूळ मातीत दाबायचे. बायकांची रांग मागे मागे सरकत राही आणि बांधावर छत्री घेऊन मालक उभा असे. कोणी क्षणभर कंबर सरळ केली, की छत्रीखालून आवाज येई. त्या चिखलाने सरूबाईंच्या अंगठ्याला जो घट्टा दिला, तो म्हातारपणीही गेला नव्हता. तसाच अंगठा आपल्या शिकलेल्या नातीला असावा, हे त्यांना सोसण्यासारखे नव्हते.

त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक हातांची लाकडी खुर्ची होती. राजेंद्र दहावी पास झाला त्या वर्षी सरूबाईंनी ती लोणावळ्याच्या बाजारातून विकत घेतली आणि डोक्यावर घेऊन चढ चढून आणली. घरात जो कोणी परीक्षा पास होईल, त्याने त्या दिवशी खुर्चीत बसून जेवायचे आणि बाकीच्यांनी खाली बसायचे, असा रिवाज त्यांनी घातला. एरवी खुर्चीला कोणी शिवत नसे. राजेंद्र तिच्यावर बसला, पुढे त्याचा धाकटा भाऊ प्रदीप बसला, आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा हाती आला त्या दिवशी पायल बसली. सरूबाई स्वतः मात्र कधीच बसल्या नाहीत.

"आजी," पायल अखेर म्हणाली, "रविवारी कंपनीने सगळ्यांच्या घरच्या माणसांना बोलावलंय. एकदा येऊन बघ तरी. मग तू म्हणशील तसं."

"येते की. पर मी एकच गोष्ट बगनार. बसायला काय दिलंय, ती."

पायलने पुढे काही बोलायला तोंड उघडले आणि मिटले. आजीपुढे तोंड उघडून मिटण्याची या घरात सर्वांनाच सवय होती.

रविवारी सकाळी लोणावळ्याच्या नाक्यावर कंपनीची बस आली, तेव्हा भाद्रपद सरत आला होता तरी पावसाची भुरभुर चालूच होती. सरूबाई ठेवणीतले पांढरे नऊवारी लुगडे नेसल्या होत्या. त्या बसमध्ये चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या खिडकीत बसलेल्या, केस पिकलेल्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो होता हनुमंत, रंगकाम विभागातला जुना कामगार. ती खिडकी त्याची, हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. सरूबाईंना ठाऊक नव्हते, आणि असते तरी फरक पडला नसता.

हनुमंत मुकाट्याने शेजारच्या आसनावर सरकला. मागून कोणीतरी शीळ घातली.

"लिहून ठेवा रे! हनुमंतभाऊंनी खिडकी सोडली!"

"गप रे," हनुमंत म्हणाला. "तुज्या आजीला आन, तिलाबी देतो."

बस सुटली. सरूबाईंनी पदर सारखा केला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"तू लय दिस कंपनीत हाईस वाटतं. कशी हाय कंपनी? खरं सांग. हितं साहेब न्हाई."

"खरं सांगू, मावशी? डाळीत डाळ शोधायला बॅटरी लागती."

हे ऐकताच सगळी बसच बोलू लागली. कोणाचे गुडघे उभे राहून धरले होते; कोणाला रात्रपाळीच्या आठवड्यात घरी पाहुणा म्हणून वागवत; दिवाळीच्या तोंडावर सुट्टी मागितली की सुपरवायझरला नेमके ऐकू येत नसे. कामावर मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून एकाच्या बायकोला वाटे की हा मुद्दामच उचलत नाही.

"मुद्दामच उचलत न्हाई," मागून दुसरा म्हणाला, आणि ती बायको शेजारीच बसली असल्यामुळे बसभर हशा पिकला.

सरूबाई तृप्त होत होत्या. प्रत्येक तक्रार त्या मागे बसलेल्या राजेंद्रकडे एकदा पाहून जमा करत होत्या. शेवटी त्यांनी हात वर केला आणि बस शांत झाली.

"येवढं सगळं हाय, तर मग सोडत का न्हाई?"

हनुमंतने त्यांच्याकडे नवलाने पाहिले. "सोडायची? कंपनी? का म्हणून, मावशी?"

"आत्ता तूच तर म्हनलास, डाळ—"

"डाळ वायली, कंपनी वायली. डाळीला नावं ठेवायला तरी जाया पायजे की न्हाई? आता बगा, घाटात लाल गाडी दिसली, की मी बायकोला दाखवतो. म्हणतो, बघ, असला रंग आमच्या हातचा."

"आणि वहिनी काय म्हणतात, ते सांगा की!"

हनुमंतने मान खाली घातली. "ती म्हणती, म्हंजी समोरचा डोंगरबी तुमीच हिरवा केला असंल."

सरूबाईंना हसू आले, पण ते त्यांनी पदराआड संपवले. मागच्या आसनावरच्या मुलीकडे वळून त्यांनी विचारले, "आन तू गं? कुटली तू?"

"करिष्मा. आंदर मावळातली, आजी. वरच्या वाडीची." मुलीच्या डोळ्यांत रात्रपाळीची झोप होती आणि चेहऱ्यावर हसू. "आमच्या वाडीला एसटी येत न्हाई. पर रात्रपाळी सुटली का कंपनीची गाडी मला फाट्यापर्यंत सोडती. आता आमची म्हस धार काढायला माजी गाडी आल्यावरच उभी ऱ्हाती. त्याच्या आदी लाथ घालती."

"आडनाव काय तुजं?"

करिष्माने आपल्या राखाडी सदऱ्याच्या खिशाकडे बोट केले. तिथे निळ्या दोऱ्याने 'करिष्मा' एवढेच भरलेले होते. "हितं येवढंच लिवत्यात, आजी. साहेबाच्या खिशावरबी येवढंच."

सरूबाई पुढे वाकल्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली अक्षरे जुळवत त्यांनी ते नाव वाचले आणि बोट फिरवून पाहिले. आयुष्यभर ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकून लोकांचे चेहरे बदललेले त्यांनी पाहिले होते, तो प्रश्न आज आपणच विचारला, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी बोट मागे घेतले. मग त्यांना मूळ मुद्दा आठवला.

"पर बसायला काय हाय?"

"कॅन्टीनमध्ये बाक आहेत की," कोणीतरी म्हणाले.

"म्हंजी जेवायला बसता. कामाला न्हाई." सरूबाईंनी राजेंद्रकडे पाहिले. "ऐकलंस?"

राजेंद्रने ऐकले होते. शेजारी बसलेल्या पायलनेही ऐकले होते, आणि ती आपला उजवा अंगठा मुठीत लपवून बसली होती.

कंपनीच्या फाटकातून आत गेल्यावर पायल आपल्या जागेवर निघून गेली. पाहुण्यांना दाखवण्यासाठी त्या दिवशी एक लाइन सावकाश चालवणार होते. बाकीच्यांना टोप्या मिळाल्या आणि हिरव्या रंगाने आखलेल्या वाटेवरून सगळे आत निघाले.

सरूबाईंनी कारखाना म्हणजे काळोख, धूर आणि खणखणाट अशी कल्पना केली होती. इथे तर लख्ख उजेड होता. काचा-चाकांवाचून मोटारींचे सांगाडे एकामागून एक, देवाच्या पालखीलाही जमणार नाही इतक्या संथपणे सरकत होते, आणि त्यांच्याबरोबर माणसे चालत होती. प्रत्येकाचे काम वेगळे, प्रत्येकाची हद्द आखलेली. आपली हद्द संपली की माणूस मागे फिरे आणि पुढच्या गाडीला हात लावी. ती रांग पाहून सरूबाईंच्या कमरेत जुनी कळ उठली. ही तर आवणीच चालली होती. फक्त चिखल नव्हता. आणि एवढ्या मोठ्या छपराखाली खुर्ची म्हणून एक नव्हती.

"उभ्यानंच," त्या स्वतःशी म्हणाल्या. "सगळं उभ्यानंच."

मग त्यांना पायल दिसली. ती एका गाडीच्या मागच्या दाराशी होती. दाराच्या चौकटीभोवती काळी रबरी पट्टी बसवत तिचा अंगठा वरच्या कोपऱ्यातून खाली, खालून पुन्हा वर असा दाबत फिरत होता. अगदी तसाच. सरूबाईंना तो अंगठा दुरूनही ओळखता आला.

"पायल!"

पायलने मान वळवली, हसली, पण हात थांबवला नाही. "आजी, थांब जरा! गाडी पुढे जाईल."

"मी हाक मारली तरी गाडी फुडं जाईल?"

"जाईलच ना आजी, लाइन आहे ती!"

सरूबाईंनी आयुष्यभर एसटीने प्रवास केला होता. कंडक्टरच्या डोक्यावरून जाणारी दोरी ओढली, की घंटी वाजते आणि गाडी मुकाट्याने थांबते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि इथेही, पायलच्या डोक्यावरून, लाइनीच्या कडेने, एक दोरी गेलेली होती. त्यांनी हिरवी वाट सोडली, पिवळी पट्टी ओलांडली, हात उंचावला आणि दोरी ओढली.

दिवा लागला. कुठूनतरी बासरीची गोड धून वाजू लागली. आणि सांगाड्यांची ती सारी रांग, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, जागच्या जागी उभी राहिली.

"आये!" राजेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. रेल्वेत विनाकारण साखळी ओढणाऱ्याचे काय होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. "आये, काय करून बसलीस!"

पलीकडून एक बाई लगबगीने आल्या. तोच राखाडी सदरा, खिशावर 'अनघा'. त्या या सगळ्या विभागाच्या प्रमुख होत्या.

"कोणी ओढली दोरी?"

पायल पुढे झाली, पण सरूबाईंनी तिला हाताने मागे सारले.

"मी वढली. पोरीला बोल लावायचं काम न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

अनघाताईंनी हात जोडले. "धन्यवाद, आजी."

सरूबाईंच्या भुवया वर गेल्या. "चेष्टा करता व्हय म्हातारीची?"

"नाही हो. आमचा रिवाजच आहे. जो दोरी ओढेल, त्याला आधी धन्यवाद म्हणायचे आणि मग विचारायचे, काय अडले. नाहीतर पुढच्या वेळी ओढायला माणूस कचरतो." त्या हसल्या. "सांगा, काय अडले?"

"दोरी कुणीबी वढावी?"

"कुणीही."

"ह्या माज्या नातीनंबी?"

"हिने तर पहिल्याच आठवड्यात ओढली होती. पट्टी नीट बसत नव्हती."

"मंग वरडला असाल."

"धन्यवाद म्हटले," अनघाताई म्हणाल्या. "मग दोघींनी मिळून पट्टी पाहिली."

सरूबाईंच्या डोळ्यांपुढे ते खाचर आले, तो बांध आणि ती छत्री. राजेंद्र पोटात होता त्या वर्षी आवणीला त्यांना घेरी आली होती, तेव्हादेखील रांग थांबली नव्हती; शेजारणीने त्यांच्या वाट्याचा आवणीचा पट्टा आपल्याकडे ओढून घेतला होता, आणि दोघींनी वर मान केली नव्हती. 'जरा थांबा' हे दोन शब्द त्या रांगेत कोणाच्याही मालकीचे नव्हते. आणि इथे त्यांनी हात वर केला, तर एवढे मोठे कारखान्याचे धूड थांबले आणि साहेबीणबाईंनी हात जोडले.

त्यांनी पदर खोचला.

"अडलं ते असं," त्या म्हणाल्या, "की मला नातीशी बोलायचंय."

दोन्ही बाजूंनी हसू फुटले. हनुमंत पाहुण्यांच्या घोळक्यातून ओरडला, "बोला मावशी, निवांत बोला! रविवार हाय!"

"पायल," सरूबाई म्हणाल्या, आणि हसू थांबले. "घरात मी तुला बोलू दिलं न्हाई. आता येवढी मानसं थांबलीत. सांग. तुला पतसंस्थेची खुर्ची पायजे का हे पायजे?"

पायलने एकदा बापाकडे पाहिले, एकदा अनघाताईंकडे. मग तिने त्या दारावर हात ठेवला.

"आजी, पाय दुखतात. रात्रपाळीला पहाटे डोळे मिटतात. डाळ खरोखरच पाणचट आहे." तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. "पण ही पट्टी मी बसवते. आपल्या कुरवंड्याच्या पावसात ही गाडी चार महिने उभी केली आणि आतली गादी कोरडी राहिली, तर ते माझं काम. दारावर हात ठेवला की मला कळतं, बसली की नाही. मला इथेच राहायचंय. खुर्ची नको मला."

बासरी अजून वाजत होती. सरूबाईंनी नातीचा उजवा हात हातात घेतला आणि तिचा अंगठा आपल्या अंगठ्याशेजारी धरून पाहिला. दोन्ही घट्टे एकाच जागी होते.

"दुखतो?"

"आता नाही."

"माजाबी पुढं दुखायचा थांबला. पर मला कुणी कवा थांबू दिलं न्हाई." त्यांनी तो हात सोडला नाही. "मला येक सांग. पतसंस्थेच्या त्या खुर्चीत बसून काय काय थांबवता येतं गं?"

पायलने विचार केला. "पंखा," ती म्हणाली.

सगळ्यांत आधी अनघाताई हसल्या, मग करिष्मा, मग सगळी लाइन. आणि शेवटी, पदर न लावता, मोकळ्या तोंडाने सरूबाई हसल्या. राजेंद्रने आईला असे हसताना इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. तो आधी घाबरला आणि मग त्यालाही हसू आवरेना.

"बाई, आता ही गाडी सुरू कशी करायची?" डोळे पुसत सरूबाईंनी विचारले.

"दोरी पुन्हा ओढायची. तुम्हीच ओढा."

सरूबाईंना रीत ठाऊक होती. त्यांनी दोरी धरली, एसटीच्या कंडक्टरसारखी दोनदा खेचली आणि मोठ्याने म्हणाल्या, "हां, चला!"

बासरी थांबली आणि सांगाडे चालू लागले. लाइनीवरच्या प्रत्येकाने टाळ्या वाजवल्या. फक्त पायलने नाही, कारण तिची गाडी पुढे जात होती.

जेवणाच्या वेळी कॅन्टीनमध्ये लांब रांग होती. सरूबाईंनी मागे वळून पाहिले, तर ताट घेऊन त्यांच्या मागेच अनघाताई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे हनुमंत. सर्वांच्या ताटांत एकाच पातेल्यातली आमटी पडली. सरूबाईंनी बाकावर बसून एक घोट घेतला.

"बाई, तुमची कंपनी चांगली हाय," त्यांनी अनघाताईंना निकाल दिला. "पर डाळ करनाऱ्याला एकदा माज्याकडं धाडा."

परतीच्या वाटेवर हनुमंतने खिडकी स्वतःहून रिकामी ठेवली होती. लोणावळ्याला उतरल्यावर भुरभुर वाढली. बाजारात, चिक्कीच्या दुकानासमोर, मुंबईकडची एक चकचकीत गाडी येऊन उभी राहिली. पायलच्या कंपनीचे चिन्ह सरूबाईंनी आता कायमचे ओळखून ठेवले होते. पायलने "आजी, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी काचेवर टकटक केली होती.

गाडी चालवणाऱ्या माणसाने काच खाली केली. "काय पाहिजे, आजी?"

"मागचं दार उघडा."

सरूबाईंच्या आवाजाला नाही म्हणणे कोणालाही अवघड जाई. त्या माणसालाही गेले. दार उघडले. सरूबाईंनी वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत पट्टीवर अंगठा फिरवला, मग आत वाकून गादीवर तळहात ठेवला.

"कोरडी हाय," त्या म्हणाल्या. "पाणी येतं का आत कवा?"

"नाही... अजून तरी नाही."

"यायचं न्हाई. ही बसवनारी आमची हाय." त्यांनी पायलला दंडाला धरून पुढे ओढले. "ही बगा."

पायलचे कान लाल झाले. गाडीतल्या बाईने मात्र हसून तिच्याकडे चिक्कीचे पाकीट पुढे केले. ते घ्यावे की नाही, हे पायलचे ठरायच्या आत सरूबाईंनी घेतले होते.

घरी पोहोचल्यावर पायल नेहमीसारखी भिंतीला टेकून खाली बसायला निघाली. सरूबाईंनी तिला अडवले. त्यांनी तसबिरींखालची खुर्ची उचलली, आणून उंबऱ्याजवळ ठेवली आणि पदराने पुसली.

"बस."

"आजी, आज कुठे मी परीक्षा पास झालेय?"

"रिवाज मी घातलाय, मीच बदलते. दिसभर उभं ऱ्हानाऱ्यानं घरी आल्यावर ह्या खुर्चीत बसायचं."

"आये," राजेंद्र दारातून म्हणाला, "मीबी डूटीला उभाच असतो."

"तुज्यासाठी चटई हाय."

पायल खुर्चीत बसली, खुर्चीच्या हातांवर हात टेकले आणि दुखरे पाय सैल सोडले. सरूबाईंनी चिक्कीचा मोठा तुकडा तिच्या हातात दिला, राजेंद्रला लहान दिला, आणि मग त्याच्याकडून फोन लावून घेतला. पलीकडे प्रदीप होता.

"प्रदीप, ती जागा दे दुसऱ्या कुणाला," त्या म्हणाल्या. प्रदीपने काहीतरी विचारले असावे. "न्हाई, न्हाई, रुसलेली न्हाई कुणी. पर आमच्या घरात खुर्ची हाय, आन तिच्यात आता पायल बसलीय. तू ये एकदा चिक्की खायला. आन येताना लाल गाडी दिसली, तर हात दाखव. ती आमच्या वळखीची हाय."